चौदा डबे

१२ जानेवारी, सोमवार

महिना झाला, रोज ठरवतो की आज लिहायला बसायचं आणि रोज गाडीला किक मारून कुठंतरी निघून जातो. परवा वही घेऊन बसलोही होतो. तेवढ्यात ओळखीचा टेम्पो कांदा भरून पुणतांब्याकडं निघाला. ड्रायव्हर म्हणाला, येतो का. गेलो. दोन दिवस गोदावरीच्या काठाला गळ टाकून बसणाऱ्यांबरोबर बसलो, एक मासा लागला नाही. घरी आलो तर आई म्हणाली, "बापावर दोन पानं लिवायची म्हनली की तुझे हात मोडत्यात. अन् माशाच्या मागं दोन दिस?"

खरंय. मला कुठलंच काम शेवटाला न्यायची सवय नाही. आयटीआय एक वर्ष, गोव्यात हॉटेल सहा महिने, साताऱ्याला जेसीबीवर चार महिने. लिहिण्याचा तर काही संबंधच नाही.

पण हे लिहायलाच पाहिजे. माझे पप्पा, ज्ञानेश्वर गर्जे, पोलीस होते. आमच्या गावच्या चौकीत हवालदार म्हणून आले, सहाय्यक फौजदार होऊन रिटायर झाले. मधे बदल्या झाल्या, पण बिऱ्हाड इथनं हललं नाही. गेल्या फेब्रुवारीत हार्टनं गेले. येत्या आठ तारखेला वर्षश्राद्ध, आणि त्याच दिवशी स्टँडजवळच्या चौकाला त्यांचं नाव द्यायचंय. 'शांतिदूत ज्ञानेश्वर गर्जे चौक.' त्या दिवशी एक स्मरणिका निघणार आहे, तिच्यात मुलाची दोन पानं हवीत. हाताला वळण लागावं म्हणून आधी ही वही. ही कुणी वाचायची नाही.

१५ जानेवारी

काल संक्रांत. पप्पा असते तर चौकीत तीळगुळाचं ताट ठेवलं असतं आणि भांडण घेऊन आलेल्या दोघांनाही आधी तीळगूळ खायला लावला असता. "आधी तोंड गोड, मग तक्रार." तोंडात गूळ असला की माणसाला शिवी देता येत नाही, म्हणायचे.

त्यांच्या खिशात कायम फुटाणे. ड्रेसला फुटाण्याचा आणि घामाचा मिळून एक वास यायचा. सायकल शिकवताना मागं पळायचे ते बूट घालूनच, आणि मी पडलो की स्वतःच्याच मांडीवर चापट मारून घ्यायचे. पायमोजे आईला कधी धुवू दिले नाहीत.

मला आयुष्यात एकदाच मारलं. पाचवीत होतो. माझी कबुतरं होती, सात. खुराड्यावर पाणी गळायचं म्हणून कुठनं तरी एक फ्लेक्सचा तुकडा आणून वर टाकला होता. त्याच्यावर कुणाचा तरी मोठा चष्मा होता, कबुतरं त्या चष्म्यावर बसून हगायची, मला लई हसू यायचं. त्या दिवशी पप्पा भर दुपारी घरी आले, काही न बोलता पट्टा काढला. मी समजलो त्यांचं दाढीचं ब्लेड घेतलं म्हणून. नंतर फ्लेक्स चुलीत घातला. प्लास्टिक जळाल्याचा वास दोन दिवस घरात होता. चार दिवसांनी मला नवी सायकल आणली आणि मला पोटाशी धरून रडले. पोलीस रडतो हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. असा बाप होता. एकदा मारलं तर चार दिवस जेवला नाही.

कबुतरं नंतर बोक्यानं खाल्ली. सहा. सातवं कुठं गेलं कळलं नाही. कबुतरावर लिहायचं नव्हतं.

१९ जानेवारी

काकासाहेबांनी बोलावलं होतं. काकासाहेब म्हणजे आमचे माजी सरपंच, आणि निवडणूक झाली की बहुतेक आजी. चौकाचं सगळं तेच बघतायत. मला चहा पाजला, खांद्यावर हात टाकला.

"रविराज, तुझ्या बापानं ह्या गावात एक काच फुटू दिली न्हाई. आपला तो फ्लेक्स फाडला हुता, तवाचं आठवतं का?"

थोडं थोडं आठवतं. गावात ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. चौदा वर्षांपूर्वी, जूनमध्ये काकासाहेबांचा वाढदिवस. स्टँडच्या भिंतीला मोठा फ्लेक्स. सकाळी बघतात तर काकासाहेबांचं तोंडच कापून नेलेलं. दोनशे माणसं जमली आणि मुसलमान आळीकडं निघाली. पप्पा एकटे मधे उभे राहिले. म्हणाले, "आरोपी मला माहीत हाय. अर्ध्या तासात आणतो. तवर कुणी पाय उचलला तर माझ्यावरनं जायचं." आणि अर्ध्या तासात सत्तार शेखच्या परवेझला घेऊन गेले. हा परवेझ गावातले सगळे फ्लेक्स बांधायचा. जमाव पांगला. चाळीस घरं वाचली. पप्पांना प्रशस्तिपत्र मिळालं, ते अजून भिंतीला आहे.

"तर त्या परवेझची आई, हसीना," काकासाहेब म्हणाले, "ती स्टेजवर पायजे. तिनं हार घालायचा अन् दोन शब्द बोलायचे. त्या आळीत सत्तर मतं हायत. ती बोलली म्हंजी आळी बोलली. तू आन तिला. तुझ्या बापाला नाय म्हनायची न्हाई. अन् पंपावर म्यानेजर लागतोय मला, पह्यलीपास्नं. किती दिस हिंडनार?"

पंप. सावलीत खुर्ची. आईला किती बरं वाटेल.

२१ जानेवारी

हसीनाचाचीकडं गेलो. नवरा सत्तार मागंच वारला. दारात बसून गोधडी शिवत होती. मला बघून उठायला लागली. मी म्हणालो, बस बस. तरी उठलीच.

मी म्हणालो, "चाची, गेल्या ईदला डबा आला नाही तुझा."

ती दर ईदला शीरखुर्म्याचा डबा घेऊन आमच्या घरी यायची, चौकातनं, वर जाळीचा रुमाल टाकून. अख्खं गाव बघायचं. लोक म्हणायचे, बघा, पोराला आत टाकलं तरी माया तुटली नाही, असं असतं आपलं गाव. पप्पा स्वतः कधी खायचे नाहीत, गोड चालत नाही म्हणायचे. (जिलेबी चालायची. हे लिहिताना आठवलं.) सगळा मीच खायचो. बोटं घालून. पप्पा गेल्यावरच्या ईदला डबा आलाच नाही. आई म्हणाली, माणूस गेला की लोक विसरतात.

चाची म्हणाली, "सायेब गेले न्हवं."

मी कार्यक्रमाचं सांगितलं. ती सुई तशीच धरून राहिली.

"काय बोलू मी?"

"पप्पांनी गाव वाचवलं, ते."

"व्हय. वाचिवलं."

"एवढंच बोल. अजून काय?"

मग ती एकदम हळू बोलली, भिंतीला ऐकू जाईल अशी भीती असल्यासारखी. "बाळा, सायबांच्या पेटीत एक कागद हाय. परवेझचा. तेवढा बघशील का? त्यो दे. मंग स्टेजवर ने, न्हाईतर कुठंबी ने."

"परवेझ असतो कुठं?"

"जामखेडला."

मी हसलोच. मला वाटत होतं दुबई. जामखेड म्हणजे काय लांब, मी तिथनं शंभरदा गेलोय. "मग येत का नाही?"

ती म्हणाली, "तुला म्हाईत न्हाई व्हय?" आणि गोधडीवर टाका घालायला लागली.

२२ जानेवारी

आईकडनं किल्ली घेऊन पेटी उघडली. वर ड्रेस, इस्त्रीचा. खाली पट्टा. त्याच्या खाली खिशातल्या वह्या, वर्षावर्षाच्या, दोरीनं बांधलेल्या. आणि एका पाकिटात तो कागद. परवेझचा जबाब. 'मी राजीखुशीने लिहून देतो की सदर फ्लेक्स मीच द्वेषबुद्धीने कापला.' खाली अंगठा.

अंगठा बघून गंमत वाटली. परवेझ बारावी पास होता, गावातल्या पाट्यांची अक्षरं तोच पाडायचा, सुरेख. मग सही का नाही? तेव्हा अंगठाच घेत असतील.

वर चौकीचा नंबर नाही, शिक्का नाही. म्हणजे पप्पांनी केस केलीच नव्हती! कागद घरात ठेवला. पोराचं आयुष्य खराब होऊ नये म्हणून. हे स्मरणिकेत घालायचं.

माळ्यावरनं आईनं डबे काढले. चौदा. स्टीलचे, सगळ्यांवर नाव कोरलेलं: हसीना सत्तार शेख. काही तर कोरे करकरीत, नुसते धूळ खात.

"परत का नाही दिले ग?"

"रिकामा डबा कसा परत द्यायचा? अन् भरून द्यायचा म्हनलं तर तुझे पप्पा म्हनायचे, आपल्या घरचं तिच्या घरी काय जायाला नको." आई पदरानं एकेक डबा पुसत होती. "मी एकदा पुरनपोळी घातली हुती लपून. चौकापर्यंत गेले. त्यांनी हातातनं घेतला. कुत्र्याला घातली."

"का?"

"म्या इचारलं न्हाई. पोलिसाच्या बायकुला इचारायची सवय नसती."

२६ जानेवारी

झेंडावंदनाला लाडू बरे होते. चाचीला निरोप दिला, कागद सापडला, कार्यक्रम झाला की देतो. म्हणाली, आधी दे. मी म्हणालो, नंतर. पप्पांचं बघून शिकलोय, आधी तोंड गोड. ती हो म्हणाली. बाईमाणसाशी बोलायची एक पद्धत असते, ती मला जमते असं दिसतंय.

३० जानेवारी

लेखाला तारीख हवी होती म्हणून त्या वर्षाची खिशातली वही काढली. पप्पांचं अक्षर, बारीक, उजवीकडं कललेलं. जसंच्या तसं उतरवतो.

'१४ जून. काकासाहेब यांचे वाढदिवसाचे फ्लेक्समधील चेहऱ्याचा भाग कापलेला. जमाव अंदाजे दोनशे. आळीवर जाण्याचे बेतात.

परवेझ हा फ्लेक्स फाटू नये म्हणून वाऱ्यासाठी फटी पाडतो. त्या अर्धगोल असतात. हा चौकोन आहे. कडा सरळ. दाढीचे ब्लेड.

घरी येऊन पाहिले. खुराड्यावर मिळून आला. जाळला. मुलास मारले. मुलगा अकरा वर्षांचा आहे. अजाण आहे.

परवेझ सत्तार शेख, वय १९, यास ताब्यात घेतले. जमाव पांगला.

१५ जून. कबूल करीत नाही.

१६ जून. कबूल. उजवा हात कामाचा राहिला नाही, सबब डाव्या हाताचा अंगठा घेतला. उजव्या कानाने ऐकू येत नाही म्हणतो.

१७ जून. आईस समज दिली. गुन्हा दाखल करीत नाही, कागद माझेजवळ. मी हयात असेतोवर मुलाने गावात पाऊल टाकायचे नाही. दर ईदला डबा घेऊन चौकातून माझे घरी यायचे. गावाला दिसले पाहिजे. कोणाविरुद्ध तक्रार नाही असे म्हणाली.

गावात शांतता.

१८ जून. रवीस सायकल घेतली.'

३१ जानेवारी

यावर काही लिहायचं नाही.

१ फेब्रुवारी

पहाटे निघालो. कुठं जायचं ठरवलं नव्हतं. शेवगाव, पाथर्डी, मग रस्ता जिकडं नेईल तिकडं. एका ठिकाणी भजी खाल्ली. भजीवाल्याकडं बोलकी मैना होती, ती फक्त "उधारी बंद" म्हणायची. तिच्याजवळ अर्धा तास बसलो. मग जामखेड आलं.

बाजाराच्या तोंडाला एक माणूस शिडीवर चढून फ्लेक्स बांधत होता. डाव्या हातानं. दोरीचं दुसरं टोक दातात. खालनं कुणी हाक मारत होतं, "ओ शेख!" त्याला ऐकू गेलं नाही. मग त्या माणसानं शिडीला लाथ मारली, तेव्हा त्यानं खाली बघितलं आणि हसला. मग खिशातनं ब्लेड काढून फ्लेक्सला फटी पाडल्या. अर्धगोल.

मी गाडी वळवली.

ते सात कबुतरांसाठी होतं. सात कबुतरांसाठी.

३ फेब्रुवारी

आज काकासाहेबांकडं गेलो. मला वाटत होतं मी त्यांना सांगेन. जिन्यावर तेच शब्द म्हणत गेलो: तो फ्लेक्स मी कापला. आत गेलो तर त्यांनी पंपाच्या पोरांना हाक मारून माझी ओळख करून दिली. "हे तुमचे नवे म्यानेजर. शांतिदूताचा पोरगा." पोरांनी नमस्कार केला.

मग बोलता बोलता कागदाचं निघालं. मीच काढलं. का काढलं? मला वाटलं, काहीतरी तर बोललं पाहिजे.

काकासाहेब चष्मा पुसायला लागले. तोच चष्मा. "ज्ञानेश्वर मला म्हनला हुता कागद फाडला म्हनून. लई पोचलेला मानूस. दाखव."

दाखवला. त्यांनी घडी घातली आणि खिशात ठेवला.

"हा कोर्टात चालत नसतो, बरं का. पन गावात चालतो. कागद हातात तर आळी हातात."

"चाचीला द्यायचं कबूल केलंय मी."

"मंग सांग दिला म्हनून. न्हाईतर जाळला म्हन. का, तुला काय तरास हाय? तू तर पोरगा हुतास तवा."

मी म्हणालो, नाही, मला काय त्रास.

तो कागद आहे तोवर फ्लेक्स परवेझनं कापला. तो कागद गेला की मग कुणी कापला? हे मला जिना उतरताना सुचलं नाही. चढतानाच सुचलं होतं. खोटं कशाला लिहू.

५ फेब्रुवारी

पप्पांची ती वही चुलीत घातली. कागद चांगला जळतो, प्लास्टिकसारखा वास येत नाही. आईनं भाकरी थापता थापता बघितलं, लाकूड पुढं सारलं.

मग चाचीकडं गेलो. म्हणालो, "चाची, जाळलं."

तिनं माझे दोन्ही हात धरले, डोळ्याला लावले. "खरं? माझी शपथ?"

"तुझी शपथ. आज सकाळी, चुलीत. आईनं बघितलं."

हे खोटं नाही. काय जाळलं, ते तिनं विचारलं नाही.

ती रडली नाही. घरात गेली, मोबाईल आणला, बटणं दाबता येईनात म्हणून माझ्याकडं दिला. "परूला लाव." नंबर सेव्ह होता. मी लावून दिला आणि कामाचं निमित्त सांगून निघालो. आळीच्या तोंडाशी येईपर्यंत तिचा आवाज येत होता. ओरडून बोलत होती, डाव्या कानाला धर, डाव्या कानाला.

८ फेब्रुवारी, रविवार

कार्यक्रम झाला. आत्ता दुपारचे चार. पाहुणे गेले, आई बाहेर भांडी लावतेय. झालं ते लगेच लिहितो, नाहीतर उद्या माझं मन दुसरीकडं जाईल.

फ्लेक्स मोठा होता, वीस बाय दहा, पप्पा ड्रेसवर. बांधणाऱ्यानं फटी पाडल्या नव्हत्या, वाऱ्यानं फुगून पप्पांचं पोट पुढं मागं होत होतं. लोक हसू दाबत होते. काकासाहेब पाऊण तास बोलले. माझी दोन पानं निवेदकानं वाचली, त्यात फुटाणे होते, तीळगूळ होता, सायकल होती. सायकलीला टाळ्या पडल्या.

मग चाची. पांढरी धुतलेली ओढणी, हातात हार. फोटोला हार घातला आणि फोटोकडं बघतच उभी राहिली. निवेदक म्हणाला, मावशी, दोन शब्द. तिनं माईक दोन हातांनी धरला.

"सायेब म्हनले हुते, मी हाय तवर न्हाई." थांबली. "सायेब आता न्हाईत."

लोकांना वाटलं तिला हुंदका आला. कुणीतरी डोळे पुसले.

"आमची कुनाबद्दल काय तक्रार न्हाई."

केवढ्या टाळ्या! काकासाहेबांनी उठून तिला वाकून नमस्कार केला. खिशातल्या कागदाची घडी वर आली होती, त्यांनी बोटानं आत सारली. मी बघितलं. तिनं नाही बघितलं.

खाली उतरल्यावर ती माझ्या जवळ आली. मला वाटलं आता काही विचारते. तर म्हणाली, "बाळा, आता कागदच न्हाई म्हनल्यावर भ्याचं काय काम? पोरगं चौदा वर्सांनी मोकळं झालं. अल्ला तुझं भलं करो."

काकासाहेबांनी ऐकलं असावं. त्यांनी पंपावरच्या दोघांना जवळ बोलावून कानात काहीतरी सांगितलं. निघताना मला म्हणाले, "उद्या सकाळी आठला, म्यानेजर. वेळेवर." त्यांची जीप अजून चौकातच उभी आहे, इथनं खिडकीतनं दिसते. दोघं बॉनेटला टेकून उभे आहेत, स्टँडकडं तोंड करून. कुणाची वाट बघतायत कोण जाणे.

मी बापासारखा नाही, असं लोक म्हणायचे. हिंडफिऱ्या म्हणायचे. आज चारजण म्हणाले, हुबेहूब ज्ञानेश्वर.

आई हाका मारतेय. काय तर डबे. माळ्यावरचे डबे काढ म्हणते. कशाला, आत्ता? थांब, येतो.

आई दारात आली. हात ओले, चेहरा पांढरा. म्हणते, "रवी, भाईर ये. हसीनाचा परवेझ आलाय. मागच्या आळीनं आलाय, आईला भेटून. म्हनतो, तुझ्या पोरानं माझा कागद जाळला, त्याचं तोंड गोड कराया आलोय. हातात डबा हाय त्याच्या."